वळण: रिबाँडिंग सोडल्यापासूनच्या नोंदी

15 जानेवारी 2023, संक्रांत

लेकीला न्हाऊ घालून केस विंचरायला बसले. आठ वर्षांची आहे. केस दाट आणि कुरळे, कंगवा दोन बोटं खाली गेला की अडतो. डोळे पुसत तिने विचारलं, "आई, माझे केस कधी सरळ करायचे?" करायचे का, असं तिने विचारलंच नाही. फक्त कधी.

तिने माझे कुरळे केस पाहिलेलेच नाहीत. पहिलं रिबाँडिंग, म्हणजे रसायन लावून केस कायमचे सरळ करणं, 2011 मध्ये झालं, बघायला पाहुणे यायच्या आठ दिवस आधी. आईनेच पार्लर शोधलं, पैसेही तिनेच दिले. सहा तास खुर्चीत. मग तीन दिवस पाणी नाही, क्लिप नाही, केस कानामागे सारायचे नाहीत. त्यानंतर गरोदरपणाचा काळ सोडला तर दर वर्षी मुळाशी वाढलेला भाग सरळ करून घेत आले. शेवटचं 10 जुलै 2022 ला.

आता पुढचं नाही. वही काढली आहे. मुलांना प्रयोगवही लिहायला लावते तशीच ही लिहायची: तारीख, मोजमाप, काय केलं, काय झालं.

मोजमाप शिंप्याच्या टेपने, केस ओले करून, ताणून. नवीन वाढ कपाळाशी 6 सेमी, टाळूवर 7, मानेवर साडेसात. एकूण लांबी 54. म्हणजे टाळूवरच्या प्रत्येक केसातले 7 सेमी माझे, बाकी 47 पार्लरचे.

लेकीला सांगितलं, "तुझे नाही करायचे. आणि माझेही आता नाही." तिचा विश्वास बसलेला दिसला नाही.

22 जानेवारी 2023

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. बारावीला प्रथिनं शिकवताना केसातलं केरॅटिन येतं, डायसल्फाइड बंध येतात. अकरा वर्षं फळ्यावर गंधक-गंधक अशी रेघ काढत आले आणि तीच रेघ दर वर्षी पैसे देऊन स्वतःच्या डोक्यावर तोडून घेत आले. आज शांतपणे बसून हे सगळं लिहून काढते, कारण कळल्याशिवाय मला धीर धरता येत नाही.

केसातल्या प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी बांधलेल्या असतात. शर्टाची बटणं समजा. केसाचं मूळ त्वचेत वाकडं बसलेलं असेल तर केस वळत वळतच घडतो आणि ही बटणं त्याला त्या वळणात धरून ठेवतात. रिबाँडिंगच्या क्रीममध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असतं, ते बटणं काढतं. मग तापलेल्या इस्त्रीने केस ताणून सपाट करायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून बटणं पुन्हा घालायची. आता ती जुन्या काजात बसत नाहीत, सरळ ताणलेल्या अवस्थेत जे काज समोर येईल त्यात बसतात. काही कुठेच बसत नाहीत. दर वर्षी थोडी थोडी अशी उघडी राहिलेली बटणं म्हणजे केसांचा तो रबरासारखा ताणला जाणारा, ओला असताना लिबलिबीत होणारा पोत.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. त्वचेबाहेर आलेला केस हा जिवंत नाही, त्यामुळे सरळ झालेला भाग कुठल्याही तेलाने, कुठल्याही मास्कने पुन्हा कुरळा होणार नाही. तो कापावाच लागणार. आणि क्रीम केसाला लागलं, त्वचेखालच्या मुळाला नाही. तिथून येणारा केस अजूनही वळणाचाच येतो आहे.

सगळे आजच कापले तर 7 सेमी उरतात, आणि वळल्यावर ते तीनच दिसतील. तेवढी माझी तयारी नाही. वाढवत जाणार, टोकं कापत जाणार.

5 फेब्रुवारी 2023

ह्या कामाला इंग्रजीत ट्रान्झिशनिंग म्हणतात आणि एकदम सगळे कापण्याला बिग चॉप. हे शब्द आणि त्यामागचं जवळपास सगळं शहाणपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांचं आहे. पीळ कसे घालायचे, कंगवा कुठून सुरू करायचा, झोपताना केस कशात गुंडाळायचे, हे त्यांनी आपसात शिकवत शिकवत उभं केलंय. मी त्यांचे व्हिडिओ बघून शिकते आहे, म्हणून ही नोंद आधी.

त्यांचं रसायन आपल्यापेक्षा वेगळं. रिलॅक्सर म्हणतात त्यात बहुधा सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे तुंबलेल्या मोरीत टाकतो तो कॉस्टिक सोडा. पीएच 12 च्या पुढे, म्हणजे अतिशय तीव्र अल्कली. त्यात बंधातलं एक गंधक निघूनच जातं आणि लँथिओनीन नावाचा नवाच बंध तयार होतो. थायोग्लायकोलेटने बटण चुकीच्या काजात जातं. इथे बटण तोडून पट्टीच शिवून टाकल्यासारखं होतं. म्हणूनच एका प्रकारावर दुसरा केला तर केस तुटून हातात येतो. डोकं भाजल्याच्या आठवणी त्या बायका सांगतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला केस सरळ करायचं क्रीम विकणारा गॅरेट मॉर्गन हा कृष्णवर्णीय संशोधकच होता. ट्रॅफिक सिग्नलचं पेटंट 1923 मध्ये घेतलं तोही हाच.

आणि त्यांचा प्रश्न माझ्यापेक्षा फार मोठा आहे. मला लहानपणी झिपरी म्हणायचे, वर्गात नूडल्स म्हणायचे, आणि पाहुणे यायच्या आधी केस सरळ झाले. पण केसांवरून माझी नोकरी कुणी अडवली नाही. तिकडे नैसर्गिक केसांवरून कामाच्या ठिकाणी आणि शाळेत भेदभाव करू नये यासाठी कायदा करावा लागला. क्राउन ॲक्ट, पहिल्यांदा कॅलिफोर्नियात, 2019 मध्ये.

मला थांबवायला आणखी एक कारण होतं. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा अभ्यास आला. 33,497 स्त्रिया, जवळपास अकरा वर्षं. केस सरळ करण्याची रसायनं कधीच न वापरणाऱ्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण 1.64 टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांत 4.05 टक्के. हा संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. शिवाय मी वर्षातून एकदाच करायचे. घाबरून जावं असं नाही, पण लेकीला त्या खुर्चीत बसवायचं नाही एवढं मात्र पक्कं झालं.

26 फेब्रुवारी 2023

व्हिडिओ बघून शिआ बटर आणलं होतं, एका आफ्रिकी झाडाच्या बियांचं लोण्यासारखं घट्ट तेल. माझ्या केसांना फार जड. दोन दिवस तेलकट, चपटे. त्या व्हिडिओंमधले केस माझ्यापेक्षा कितीतरी घट्ट वळणाचे, त्यांना ते पेलतं. डबी टाचांच्या भेगांना लावून संपवते आहे.

19 मार्च 2023

टँकर सुरू झाले. आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याला. खडकवासला धरणाचं पाणी येतं तोवर केस ठीक असतात, बोअरचा टँकर आला की काथ्या होतात. हा भास आहे की खरं, हे बघायला दोन बाटल्या घेतल्या. एकीत महापालिकेचं पाणी, दुसरीत टँकरचं, दोन्हींत साबणाचा नखाएवढा तुकडा, दोन्ही शंभर वेळा हलवल्या. पहिलीत चार बोटं फेस. दुसरीत फेस नाहीच, वर दह्यासारखे पांढरे कण तरंगत होते. कॅल्शियम-मॅग्नेशियमचा साबणाशी झालेला साका. केसांवरही कॅल्शियम असंच जाऊन बसतं, आणि रसायनाने खवले उघडे पडलेल्या केसांवर जास्त.

उपाय: शेवटचं पाणी पिण्याच्या फिल्टरचं, एक तांब्या, त्यात चमचाभर व्हिनेगर. महिन्यातून एकदा ईडीटीए (कॅल्शियम धरून काढणारं रसायन) असलेला शाम्पू. आणि एक काळजी. फिल्टरच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी आपण फरशी पुसायला साठवतो ते चुकूनही केसांना वापरू नये, सगळे क्षार त्यातच गोळा झालेले असतात.

16 एप्रिल 2023

आज एक केस नीट पाहिला.

न्हाऊन झाल्यावर बेसिनच्या कडेला पडलेला होता. चिमटीत धरून खिडकीशी नेला. एका टोकाला पांढरी बारीक गाठ, मोहरीच्या दहाव्या हिश्शाएवढी. तिथून केस निघतो तो बॉलपेनच्या स्प्रिंगसारखा, गोल गोल. काळा, चमकणारा, गोलाई एकसारखी. अडीच वळणं मोजली. मग जवळपास साडेदहा सेंटीमीटरवर ते वळण एकदम थांबतं. तिथून पुढे सरळ, निस्तेज, तपकिरी झाक असलेला दोरा, टोकाला फाटलेला. दोन वेगळ्या माणसांचे केस गाठ मारून जोडावेत तसं दिसतं. मधल्या जागेवरून नख फिरवलं तर बारीकसा खड्डा लागतो.

त्या जागेला मी सांधा म्हणते.

दोन्ही टोकं धरून हळूहळू ओढलं. सांध्यावर तुटला. मग कंगव्यातले आणखी दहा घेतले. सात सांध्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ तुटले, दोन टोकाशी, एक तुटलाच नाही. पुढच्या सव्वा वर्षाचं सगळं काम ह्या एका जागेला जपण्याचं आहे, हे आज समजलं. म्हणून पद्धत बदलली:

कोरडे केस विंचरायचे नाहीत. अजिबात. केस ओले, कंडिशनर भरपूर, आधी बोटांनी गुंता सोडवायचा, मग रुंद दातांचा कंगवा. टोकाकडून सुरू करून वर वर जायचं आणि सांध्याच्या वर मुठीत घट्ट धरायचं, म्हणजे ओढ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. टर्किश टॉवेलने घासायचं नाही, जुन्या मऊ पंच्याने नुसतं दाबून टिपायचं. झोपायला सॅटिनचा अभ्रा. जुन्या परकराचे दोन झाले, एक लेकीला.

आमच्या घरी कुरळे केस म्हणजे कोरडे असताना फणीने ओढायचे, वर वाटीभर तेल थापायचं आणि कपाळ ताणेल अशा दोन वेण्या घालायच्या. आईला तिच्या आईने तेच शिकवलं होतं. एवढ्या पिढ्यांत ह्या केसांना ओल्या हाताने कुणी हात लावला नाही.

7 मे 2023

जवसाचं जेल जमलं, चौथ्या खेपेला.

दोन मोठे चमचे जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं. दहाएक मिनिटांत पाणी दाटू लागतं. डाव उचलल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरली की लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं. आधीच्या तिन्ही वेळा मी गार होऊ दिलं आणि मग फडक्यातून ते उतरेचना. गाळायला जुन्या ओढणीचा तुकडा, स्टीलची गाळणी नको. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. आंबूस वास आला की टाकून द्यायचं.

लावायचं ते केसातून पाणी निथळत असताना. मग ओंजळीत टोकं घेऊन वर दाबायची, चुरगाळल्यासारखी. वाळल्यावर केस कडक होतात, कागदासारखे वाजतात. घाबरायचं नाही. पूर्ण वाळले की दोन थेंब खोबरेल तळहातावर चोळून ते मोडायचे, आत मऊ बट असते.

सासूबाई यवतमाळच्या. जवसाच्या चटणीशिवाय त्यांचं पान वाढलं जात नाही. त्या पातेल्याशी येऊन उभ्या राहिल्या. "अगं, जवस ते. केसाले लावायचे का खायचे?" मग स्वतःच डाव हातात घेऊन तार बघितली आणि म्हणाल्या, "अजून एक उकळी येऊ दे." त्या उकळीनेच जमलं.

त्यांची हरकत एकच. मी कॉलेजातून आल्यावर न्हायचे आणि तिन्हीसांजेला केस मोकळे सोडून वाळवायचे. ते त्यांना चालत नाही. आता न्हाणं रविवारी सकाळी आणि बुधवारी पहाटे. दिवसा केस वाळतातही चांगले.

18 जून 2023

कॉलेज सुरू झालं. स्टाफरूममध्ये दोघींनी विचारलं, "बरं नाही का?" वरचे चार इंच फुललेले आणि खाली सरळ दोऱ्या लोंबतात, कौलारू छपराला पागोळ्या लागल्यासारख्या. हा टप्पा सगळ्यात कठीण. इथेच बहुतेक जणी पुन्हा पार्लरला जातात, आणि मी त्यांना नावं ठेवणार नाही. गुरुवारी मीही फोन हातात घेतला होता.

तोडगा सापडला: ओल्या केसांच्या सहा वेण्या, सरळ टोकं चिंधीवर गुंडाळून रात्रभर. सकाळी सोडल्या की खालचाही भाग वळलेला दिसतो. हे वळण हायड्रोजन बंधांचं, गंधकाच्या बटणांपेक्षा खूप कच्च्या जोडांचं. ओले केस वाळताना जुळतं आणि पुन्हा पाण्यानेच जातं. बाहेर पाऊस असला तर दुपारच्या तासापर्यंत खलास. तरी सकाळचे चार तास मिळतात.

16 जुलै 2023

एक वर्ष. कपाळ 12, टाळू 14, मान 14.5. आतापर्यंत 8 सेमी कापले, त्यातले 3 सांगून आणि 5 न सांगता. पार्लरमध्ये केस ओले करून, ताणून, एका रेषेत कापले. वाळल्यावर डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर वर गेली. वळणाचे केस प्रत्येक बटेला वेगवेगळे आक्रसतात, म्हणून ते कोरडे असताना, एकेक बट बघून कापायला हवेत. पुढचं घरी.

20 ऑगस्ट 2023

डेंग्यू. सहा दिवस ताप. केसांना काही केलं नाही. नवऱ्याने एक सैल वेणी घालून दिली, तीही टोकाकडून विंचरत. त्याला हे कधी शिकवलं होतं आठवत नाही.

22 सप्टेंबर 2023, चिपळूण

गौरीला माहेरी. इथल्या हवेत भिंतींनाही ओल. पुण्यात दोन महिने खटपट करून जे जमतं ते इथे अंगणात उभं राहिल्या राहिल्या झालं. वाढलेले 16 सेमी पूर्ण वळले आणि फुलले. दमट हवेतलं पाणी केसात शिरून हायड्रोजन बंध सुटतात आणि केस आपल्या मूळ घडणीकडे जातो. म्हणूनच रिबाँडिंगच्या वर्षांत कोकणात आलं की मी सतत क्लिपा लावून बसायचे.

आई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही." लहानपणी ती हे रागाने म्हणायची, माझ्या हट्टाला आणि केसांना मिळून एकच. आज रागाने म्हणाली नाही. मी विचारलं, तेव्हा का करायला लावलंस? आई गौरीच्या ओवशाची सुपं पुसत होती. म्हणाली, "आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. एकाच्या बहिणीने केसांचं बोलून दाखवलं होतं. तुला सांगितलं नाही आम्ही." सुपं पुसून झाली तरी पुसतच राहिली.

मला हे बारा वर्षांनी कळतंय. रात्री झोप लागली नाही.

29 ऑक्टोबर 2023

केस गळताहेत. मूठ मूठ. काल न्हाणीघराच्या जाळीवर गोळा झालेले बघून तिथेच बसले. वाटलं, हा सगळा खटाटोपच चुकला, सांधे सगळे एकदम सुटले.

मग सकाळी मोजले. कंगव्यात आणि जाळीवर मिळून 212. त्यातल्या 190 केसांच्या टोकाला पांढरी गाठ. ज्याला गाठ आहे तो मुळापासून सुटलेला, ज्याला नाही तो तुटलेला. म्हणजे सांध्याचा दोष नाही, हे मुळातून चाललंय.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दोन-तीन महिन्यांपूर्वी ताप आला होता का?" मोठ्या तापानंतर बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळतात. मूळ शाबूत असतं, पुन्हा येतात. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं, कमी आहे. लोहाच्या गोळ्या सुरू.

ज्यांचं हेच चाललंय त्यांच्यासाठी: रोज पन्नास ते शंभर केस गळणं साधं आहे, आणि कुरळ्या केसांत गळलेले केस बटांमध्ये अडकून राहतात. आठवड्यातून दोनदा न्हायलं तर तीन दिवसांचे एकदम निघतात. घाबरण्याआधी गाठ बघा.

12 नोव्हेंबर 2023, नरक चतुर्दशी

पहाटे सासूबाईंनी तेल लावलं, मला आणि लेकीला. न्हाण्याआधी खोबरेल लावण्याची आपली जुनी पद्धत ह्या केसांना फार मानवते. मुंबईत झालेल्या आणि 2003 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल तिन्ही तपासली होती. केसातलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं, कारण त्यातलं लॉरिक आम्लाचं मेद लहान आणि सरळ रेणूचं, ते केसाच्या आत शिरतं. धुतल्यावर वाटीभर थापायचं नाही, आधी लावायचं. आजी तेच करायची, फक्त त्यानंतर कोरडी फणी घ्यायची.

14 जानेवारी 2024

टाळू 20. गळणं थांबलं. भांगाशी दोन बोटं उंचीचे नवे केस उभे राहिलेत, तेही वळलेले.

तांदळाच्या पाण्याचा प्रयोग तीन आठवड्यांत बंद. केस काडीसारखे ताठ झाले, सांध्यावर तुटायला लागले.

21 एप्रिल 2024

टोकांसाठी नव्हे, भुवयांसाठी पार्लरला गेले होते. तिथल्या ताईंनी हात लावून पाहिला. "मॅडम, एवढे कष्ट कशाला? नवीन आलंय, फॉर्मालिन नाही, केरॅटिन ट्रीटमेंटसारखंच पण नॅचरल." त्या मनापासून सांगत होत्या, त्यांना कंपनीने तेच सांगितलंय. डबा मागून घेतला आणि मागचं वाचलं. ग्लायऑक्सिलिक ॲसिड. तापवल्यावर त्यातूनच फॉर्माल्डिहाइड निघू शकतं, फॉर्मालिन हे त्याचंच द्रावण, आणि इस्त्री फिरवल्याशिवाय ही ट्रीटमेंट होतच नाही. शिवाय गेल्याच महिन्यात एका वैद्यकीय नियतकालिकात सव्वीस वर्षांच्या एका तरुणीबद्दल आलं आहे. केस सरळ करून घेतल्यावर तीन वेगवेगळ्या वर्षी, तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीममध्ये हेच आम्ल होतं.

ताईंना हे सांगितलं तर त्यांनी हातातले ग्लोव्हज काढून विचारलं, "मग आम्ही दिवसभर त्याच धुरात उभ्या असतो, त्याचं काय?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे पंखा आणि उघडी खिडकी ह्यापलीकडे उत्तर नव्हतं. दोन दिवस तोच डोक्यात आहे. मी खुर्चीत वर्षातून सहा तास बसायचे. त्या रोज उभ्या असतात.

12 मे 2024

भाच्याचं लग्न. तिघींनी इस्त्री पुढे केली. सैल खोपा घातला, वर मोगऱ्याचा गजरा, कपाळाशी आणि कानांपाशी बटा सोडलेल्या. लेकीचेही तसेच. नणंद म्हणाली, "वहिनी, पार्लरवाली कोण होती?" जवस होते.

14 जुलै 2024

दोन वर्षं. टाळू 28, कपाळ 25. वळल्यावर 15-16, म्हणजे हनुवटीच्या खाली. सरळ भाग अधूनमधून कापत कापत आता फक्त 9 ते 11 सेमी उरलाय.

आज कापला.

सकाळी न्हाले, जेल लावलं, अकरापर्यंत पूर्ण वाळू दिले. गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं. कात्री नवी आणली, केसांचीच. शिवणाची चालत नाही, ती केस चावते आणि टोक फाटतं. लेक आरसा धरून मागे उभी. पहिली बट उजव्या कानामागची. वळण जिथे थांबतं तिथून दोन सेंटीमीटर वर चिमटीत धरली, म्हणजे सांधासुद्धा जावा. कात्री मिटली तेव्हा अपेक्षेपेक्षा कमी आवाज झाला. बट हातातून सुटली आणि सर्रकन वर जाऊन गालाला लागली. इतके दिवस खालच्या वजनाने ती ओढलेली होती.

लेक म्हणाली, "आई, ती पळाली."

पुढच्या बटा तिनेच शोधून दिल्या. सरळ टोक कुठून लागतं ते तिला बोटांनी माझ्यापेक्षा लवकर कळत होतं. "इथे. इथून खरखरीत आहे." पाऊण तास लागला. मानेवरच्या सात-आठ तिने कापल्या, मी तिचा हात धरून. एका जागी जरा वर कापलं गेलं, दिसतंय, वाढेल.

वर्तमानपत्रावर पडलेले केस एका बाजूने बघितले तर सगळे एकाच दिशेला निजलेले, काथ्याच्या जुडीसारखे. 38 ग्रॅम भरले, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. कुंड्यांत घातले.

आरशात मी बराच वेळ बघत होते. सोळाव्या वर्षीच्या फोटोत मी अशी दिसते, दोन वेण्या सोडल्या की. ती मुलगी सारखी डोक्यावर हात दाबून केस खाली बसवत असायची. तसाच हात आज वर गेला आणि थांबवला.

27 ऑक्टोबर 2024

आई दिवाळीसाठी आली आहे. वय अडुसष्ट. तिचा अंबाडा मी आयुष्यभर पाहिला, लिंबाएवढा, मानेवर घट्ट बसलेला, आकडे खुपसलेला. तो सुटलेला मात्र कधी पाहिला नव्हता, कारण ती सगळ्यांच्या आधी उठते आणि न्हाऊन, बांधून मगच बाहेर येते.

आज रविवार म्हणून मी लेकीचे केस न्हाणीघरात कंडिशनर लावून सोडवत होते. रडणं नाही, आता तीच सांगते कुठे गुंता आहे. आई दारात उभी राहून बघत होती. लेकीचं झालं, तिने पंचा गुंडाळला आणि गेली. आई तिथेच. मग एकेक आकडा काढून तिने साबणाच्या ताटलीत ठेवायला सुरुवात केली.

"माझे काही राहिले नाहीत आता फारसे," म्हणाली आणि स्टुलावर बसली.

पाणी घातलं. पांढरे, बारीक, विरळ. बोटांनी टोकाकडून सोडवत गेले. तिचे खांदे वर ओढलेले होते, कंगवा केव्हा ओढतो याची वाट बघत असल्यासारखे. दहा मिनिटांनी ते खाली आले. पंच्याने टिपून सासूबाईंच्या हातचं जेल लावलं आणि तिला गॅलरीत उन्हात बसवलं.

कानामागच्या बटा आधी वळल्या, मग मानेवरच्या. माझ्यापेक्षा लहान वळण, लेकीएवढं. लेकीने टेप आणली आणि आजीच्या मानेवरची एक बट ताणून धरली.

"आजी, हलू नको. एकोणीस. सोड आता. आठ."

वहीत आईचं पान उघडलं. तारीख लेकीने घातली.